फितीवरचे चित्र आणि काठावरचा आवाज

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाला लागून विद्यानगर नावाची वस्ती आहे. सिकंदराबादेहून काचीगुड्याकडे जाणारी लोकलगाडी जामिया उस्मानियाचे स्थानक सोडते, तोच विद्यानगरचे स्थानक येते. दुर्गाबाई देशमुखांनी उभारलेल्या आंध्र महिला सभेचे रुग्णालय याच भागात आहे. आणि महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले त्यांचे पती चिंतामणराव देशमुख यांनी १९८२ साली याच शहरात देह ठेवला. मराठी माणसाला हे शहर परके कधीच नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानाचे आणि पुढे हैदराबाद राज्याचे होते. नोकरी, वकिली, शिक्षण यांसाठी परभणी-नांदेडकडून आलेली घराणी येथेच स्थिरावली. जांबागेतील विवेकवर्धिनीत मुले शिकली, विद्यापीठाच्या परिसरात कित्येकांनी घरे बांधली, आणि घरात मराठी, बाजारात दखनी व शेजारी तेलुगू अशा तीन भाषांत संसार चालू राहिले.

अशाच एका विद्यानगरच्या घरातील लोखंडी कपाट तीन वर्षांपूर्वी आम्ही रिकामे केले. घर पाडून तेथे मजल्यांची इमारत व्हावयाची होती. कपाटाच्या खालच्या खणात सत्तावीस फिती निघाल्या : लग्ने, मुंजी, एक एकसष्टी, एक गणेशोत्सव. सव्वीस फिती मोठ्या, काळ्या, पुस्तकाएवढ्या. आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया-दोऱ्यांबरोबर ठेवलेली एक लहानशी, गाण्याच्या कॅसेटएवढी. त्या सत्तावीस फितींनी आम्हास ध्वनिचित्रफितींचा इतिहास वाचावयास लावले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू नाही. ज्यांच्या घरी असे कपाट अद्याप उघडावयाचे आहे, त्यांनी ते कोणत्या क्रमाने उघडावे, हेही आम्हास सांगावयाचे आहे. आम्ही तो क्रम चुकविला आणि त्याची किंमत मोजली.

फितीवर आवाज साठविण्याची विद्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच जर्मनीत सिद्ध झाली होती. मग चित्र साठविण्यास इतका विलंब का लागला? ऐकू येणारा आवाज सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा असतो. दूरचित्रवाणीच्या चित्राला मात्र सेकंदाला पन्नास लाख कंपनांपर्यंत वाव द्यावा लागतो. इतकी सूक्ष्म कंपने फितीवर एकमेकांत न मिसळता उमटावयाची, तर फीत आणि तिच्यावर लिहिणारे चुंबकीय टोक (ज्यास कारागीर 'हेड' म्हणतात) यांची परस्परगती प्रचंड असली पाहिजे. ब्रिटिश नभोवाणीने १९५८ साली दाखविलेल्या 'व्हेरा' नामक यंत्रात फीतच सेकंदाला पाच मीटरांहून अधिक वेगाने पळविली जाई, आणि भल्याथोरल्या चक्रावरची फीत अवघ्या पाव तासात संपे. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने त्याआधीच, १९५६ च्या एप्रिलमध्ये, उलटा विचार करून दाखविला होता. फीत सावकाश चालू द्यावी आणि हेडच गरगर फिरवावे, अशी ती युक्ती होती. त्या यंत्राची फीत दोन इंच रुंद असून यंत्र खोलीचा कोपरा व्यापी. किंमत मोठ्या नभोवाणी संस्थांसच परवडेल अशी होती. तथापि पुढच्या साऱ्या घरगुती फितींचे बीज 'फिरते हेड' या कल्पनेतच होते.

हेड फितीवर आडवे न फिरविता तिरपे फिरविले, तर एकेक रेघ लांब होते आणि एका रेघेत चित्राचा एक पुरता फेरा मावतो, हे जपानी व जर्मन संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात ओळखले. सोनी कंपनीची पाऊण इंची यू-मॅटिक फीत १९७१ साली, अर्ध्या इंचाची बीटामॅक्स १९७५ साली, आणि जे.व्ही.सी. कंपनीची व्ही.एच.एस. १९७६ साली आली, ती सर्व याच तिरप्या रेघेवर. आपल्याकडील पद्धतीच्या व्ही.एच.एस. यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ढोल सेकंदाला पंचवीस फेरे घेतो. फीत स्वतः सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. परंतु ढोलावरील हेड तिच्यावरून सेकंदाला ४.८५ मीटर वेगाने, म्हणजे दोनशेहून अधिक पट गतीने, जाते. प्रत्येक अर्ध्या चित्रासाठी सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची एक तिरपी रेघ ओढली जाते, आणि तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते. तीन तासांच्या फितीत अशा पाच लाख चाळीस हजार रेघा असतात. लग्नातल्या नवरीची मान खाली जाऊन वर येईस्तोवर पन्नास-साठ रेघा ओढून झालेल्या असतात.

आता चित्राच्या प्रतीविषयी. या विषयात 'ओळी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. आपल्या दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींनी रेखाटले जाई. हा आकडा पद्धतीने ठरविलेला, फीत कोणतीही असो तो बदलत नाही. फितीची प्रत मोजताना ज्या ओळी सांगतात त्या वेगळ्या : चित्राच्या उंचीएवढ्या रुंदीत शेजारी शेजारी किती उभ्या रेघा निरनिराळ्या ओळखू येतात, त्याची ती गणना. व्ही.एच.एस. मध्ये हा आकडा सुमारे २४० पडतो, कारण पन्नास लाख कंपनांपैकी जेमतेम तीस लाख कंपने त्या फितीवर उमटू शकतात. बीटामॅक्स यात किंचित सरस होती; परंतु तिची पहिली फीत एका तासाची, तर व्ही.एच.एस.ची दोन तासांची. बाजाराने चित्राच्या धारेपेक्षा फितीची लांबी पसंत केली.

रंगाची अवस्था तर याहून बिकट होती. रंगासाठी फितीवर स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून रंगाची माहिती आकसून, खालच्या पट्टीत उतरवून, उजेड-अंधाराच्या माहितीखाली दडपून लिहिली जाई. प्रक्षेपणात रंगाला सेकंदाला तेरा लाख कंपनांची मुभा होती, ती फितीवर सुमारे पाच लाखांवर येई. परिणामी रंग चित्राच्या आकृतीत नेमका बसत नसे. व्ही.एच.एस. वर टिपलेला लाल शालू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको. तो लाल रंग काठ ओलांडून शेजारच्या उपरण्यावर सांडतो. आणि फितीवरून फीत काढली, की तो आणखी सरकतो, खालीही उतरतो. तिसऱ्या प्रतीत कुंकू कपाळावर न राहता नाकाच्या बाजूस आलेले आम्ही पाहिले आहे.

घरगुती फिती प्रथम आल्या त्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम टिपून ठेवण्यासाठी. कॅमेरा निराळा आणि टिपणारे यंत्र निराळे, दोहोंमध्ये जाड तार, आणि यंत्र खांद्याला अडकविलेले, असा सरंजाम घेऊन फिरणे दोघांचे काम असे. दोहोंचे एकत्रीकरण म्हणजे कॅमकॉर्डर. सोनीचा बीटामूव्ही १९८३ साली बाजारात आला. त्याच्यावर टिपता येई, परंतु टिपलेले त्याच्यावर पाहता येत नसे. १९८४ साली जे.व्ही.सी.ने व्ही.एच.एस.-सी चा कॅमेरा आणला. फीत तीच अर्ध्या इंचाची, मात्र लहान डबीत गुंडाळलेली. ती एका खोक्यात बसवून घरच्या मोठ्या यंत्रात लावता येई. ही सोय मोठी, पण डबीत फीत थोडी, अर्ध्या तासात संपणारी. तिसरा पर्याय व्हिडिओ-एट. एकशे सत्तावीस कंपन्यांनी एकत्र बसून मान्य केलेली ही आठ मिलिमीटर रुंदीची फीत १९८५ पासून सोनीच्या कॅमेऱ्यांतून सर्वदूर गेली. तिची रेघ व्ही.एच.एस.हून अरुंद आणि हेडचा वेगही कमी. परंतु फितीवरील लेप शुद्ध धातूच्या कणांचा असल्यामुळे ती उणीव भरून निघे आणि चित्राची प्रत व्ही.एच.एस.च्या बरोबरीची राही. १९८९ साली सोनीने पारपत्राच्या आकाराचा म्हणून विकलेला कॅमेरा आठशे ग्रॅमांहून हलका होता.

प्रत वाढविण्याचे यत्नही झाले. १९८७ साली एस-व्ही.एच.एस. आणि पाठोपाठ हाय-एट या सुधारित फिती आल्या, व ओळींचा आकडा चारशेवर गेला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि पैठणीवरचे मोर त्यांत दिसू लागले. तरी रंग लिहिण्याची जुनी दडपलेली रीत दोहोंत कायम राहिली, म्हणून शालू सांडतच राहिला. १९९५ साली अंकांत चित्र लिहिणारी डी.व्ही. फीत आली, आणि हे प्रकरण हळूहळू मिटत गेले. बीटामॅक्सच्या कोऱ्या फिती सोनीने २०१६ च्या मार्चपर्यंत विकल्या, व्ही.एच.एस.ची यंत्रे बनविणारी शेवटची जपानी कंपनी त्याच वर्षीच्या जुलैत थांबली.

हैदराबादेत या साऱ्याचे आगमन कसे झाले, ते आता पाहू. या शहरास दूरचित्रवाणी परकी नव्हती. १९६७ साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्याने 'ईसी' नावाचे संच देशभर पोहोचविले होते. १९७७ साली हैदराबादचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, व पुढे रामंतापूर हे त्याचे ठिकाण झाले. विद्यानगरापासून ते फार दूर नाही. १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या दशकाच्या उत्तरार्धात लग्नाच्या यादीत वाजंत्री, आचारी, छायाचित्रकार यांच्या जोडीला 'व्हिडिओवाला' हे नवे नाव आले. त्याच्या खांद्यावर मोठ्या व्ही.एच.एस.चा कॅमेरा असे, आणि मागून एक पोऱ्या हजार वॉटचा दिवा उंच धरून चाले. त्या काळच्या कॅमेऱ्यांना मंद प्रकाश सोसत नसे. दिवा नसला की चित्रात मुंग्या धावू लागत. काचेच्या नळीचे जे जुने कॅमेरे होते, त्यांत औक्षणाचे निरांजन हलले की ज्योतीमागे उजेडाची शेपटी राही. नव्या कॅमेऱ्यांत ती शेपटी गेली, तिच्या जागी ज्योतीतून वर आणि खाली जाणारी उभी पांढरी रेघ आली. आमच्या कपाटातील फिती या दोन खुणांवरूनच आम्ही सालवार लावू शकलो.

१९८९ च्या मे महिन्यात आमच्या धाकट्या काकांचे लग्न विद्यानगरातच एका सभागृहात झाले. हैदराबादी मराठीत त्यास मंगल कार्यालय म्हणत नाहीत, 'फंक्शन हॉल' म्हणतात. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. लग्नाची तीन तासांची फीत पुढे घरी आली आणि पाहुण्यांपुढे इतक्या वेळा लावली गेली, की सीमांतपूजनाचा भाग आजही आम्हास पाठ आहे. या फितीत एकच गोष्ट नाही, ती म्हणजे लग्नाचा आवाज. मंगलाष्टके चालू आहेत, ओठ हलत आहेत, आणि वर एका चित्रपटातील द्वंद्वगीत वाजते आहे. पंगतीत आजी विहिणींसाठी गात आहे हे दिसते. ऐकू येते ते सनईचे तबकडीवरचे वादन. मध्येच पडदा पानासारखा उलटतो, नवरानवरी बदामाच्या आकारात प्रकट होतात. त्या वेळी साऱ्या घराला हे फार आवडले होते, आणि आम्हालाही. त्यात व्हिडिओवाल्याचा दोष आम्ही मानीत नाही. जे मागितले गेले ते त्याने दिले.

परंतु हे घडू शकले ते फितीच्या रचनेमुळे, आणि ती रचना समजून घेतली पाहिजे. व्ही.एच.एस. मध्ये चित्राच्या तिरप्या रेघा फितीच्या मधल्या भागावर असतात. आवाज मात्र फितीच्या वरच्या काठाने, एका अरुंद सरळ पट्टीत, स्थिर हेडने लिहिलेला असतो. ती पट्टी चित्राला धक्का न लावता पुसता येते व तेथे दुसरे काहीही भरता येते. चित्रपटगीत तेथे भरले गेले, आणि भटजींचा, आजीचा, बँडचा, भांड्यांचा आवाज पुसला गेला. शिवाय फीत सेकंदाला २३ मिलिमीटरच सरकत असल्यामुळे काठावरचा हा आवाज मुळातच हलका. गाण्याची साधी कॅसेट याच्या दुप्पट वेगाने फिरते. म्हणजे चित्राचे एवढे अवघड यंत्र आवाजाच्या बाबतीत दिवाणखान्यातल्या टेपरेकॉर्डरच्याही मागे होते. पुढे फिरत्या हेडने आवाज लिहिणारी व्ही.एच.एस. यंत्रे निघाली, परंतु ती महाग. आमच्या सव्वीस फितींत तसे ध्वनिलेखन कोठेही आढळले नाही.

येथे चित्राच्या प्रतीचाही प्रश्न येतोच. घरी आलेली फीत ही मूळ फीत नव्हती. लग्नात टिपलेल्या दोन-तीन फितींतून निवडून, बदाम व गाणी घालून दुसरी फीत तयार होई, आणि तिच्यावरून नातेवाइकांसाठी तिसऱ्या निघत. मूळ फिती पुसून पुढच्या लग्नाला वापरल्या जात, कारण कोरी फीत महाग होती. त्यामुळे व्ही.एच.एस.च्या २४० ओळी हा जो आकडा पुस्तकांत आढळतो, तो मूळ फितीचा. आपल्या कपाटांत ज्या फिती आहेत त्यांच्या नशिबी तोही आलेला नाही. प्रत्येक उतरणीत चित्राची धार बोथट होते, मुंग्या वाढतात, रंग सरकतो. फीत कोणत्या जातीची हे आपण विचारतो. ती मुळापासून कितवी, हे विचारावयाचे राहून जाते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

आता त्या बिस्किटांच्या डब्यातील लहान फितीकडे वळतो. काकांच्या लग्नासाठी आत्या अमेरिकेहून आली होती, आणि तिच्याजवळ व्हिडिओ-एटचा हातात मावणारा कॅमेरा होता. लग्नात तिने दोन फिती भरल्या. रात्री घरच्या संचाला कॅमेरा जोडून पाहिले, तर चित्र काळेपांढरे, आणि एकसारखे वरून खाली घसरणारे. कारण उघड होते : अमेरिकेतील पद्धत ५२५ ओळींची व सेकंदाला साठ अर्धचित्रांची, आपली ६२५ ओळींची व पन्नासांची. रंग सांगण्याची दोहोंची भाषाही भिन्न. सगळे हिरमुसले. आत्याने एक फीत बरोबर नेली; दुसरी आजीजवळ ठेवली, येथे कोणी तरी तिची मोठी प्रत काढून देईल म्हणून. शहरातील दोन-तीन दुकानांतून ती फीत परत आली, आणि आजीने ती डब्यात टाकली. अशा रीतीने चौतीस वर्षे ती कोणीही लावली नाही. तिच्यावर कोणी गाणे घातले नाही, बदाम काढला नाही, तिच्यावरून उतरण झाली नाही.

आमचा प्रमाद येथे सांगणे प्राप्त आहे. कपाट उघडल्याबरोबर उत्साहाच्या भरात आम्ही मोठ्या फितींपैकी सर्वांत जुनी, आजोबांच्या एकसष्टीची, एका जुन्या यंत्रात लावली. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती, ती धूळ असावी असे आम्ही मानले. ती बुरशी होती. यंत्राने फीत आत ओढली, ती ढोलाला चिकटली, आणि बाहेर काढली तेव्हा सुमारे वीस मीटर फीत चुरगळलेली होती. आजोबांचे भाषण त्या भागात होते. व्ही.एच.एस.च्या वेगाने वीस मीटर म्हणजे चौदा मिनिटे. आजोबांच्या आवाजाचे दुसरे काहीही घरात नाही.

त्यानंतर मात्र आम्ही शहाणे झालो. लहान फितीला हात न लावता प्रथम आत्याकडे चौकशी केली. तिच्या घरी नंतरच्या काळातील एक डिजिटल-एट कॅमेरा होता. त्या जातीच्या कित्येक कॅमेऱ्यांवर जुनी व्हिडिओ-एट फीत चालते व तारेने थेट संगणकात उतरविता येते. आतेभाऊ येताना तो घेऊन आला. फितीवर भिंगाने बुरशी शोधली, ती नव्हती. कपाटाचा तो डबा घट्ट झाकणाचा होता आणि हैदराबादची हवा कोरडी. फीत एकदा पुढे, एकदा मागे अशी सावकाश गुंडाळून घेतली आणि मग लावली.

चित्राविषयी खरे सांगावयाचे तर ते फारसे चांगले नाही. दिव्याच्या उजेडाबाहेर सगळे तांबूस-काळे आहे, आत्याचा हात हलतो, आणि एकदा तर पाच मिनिटे कॅमेरा चालू राहून फक्त जाजमच दिसते. ओळी मोजल्या तर व्ही.एच.एस.हून अधिक भरणार नाहीत. तरी ती मूळ फीत असल्यामुळे चेहऱ्यांच्या कडा जागेवर आहेत, आणि शालू सांडतो तो थोडाच. आवाज मात्र स्वच्छ आहे. व्हिडिओ-एटच्या रचनाकारांनी आवाजासाठी काठावरची वेगळी पट्टी न धरता तो चित्राच्याच तिरप्या रेघेत, फिरत्या हेडकडून, चित्राबरोबर मिसळून लिहविला होता. त्यामुळे त्याची प्रत काठावरच्या आवाजाहून पुष्कळ वरची. आणि त्यातून दुसरी गोष्ट अशी निघते, की चित्र पुसल्यावाचून तो आवाज पुसता येत नाही. ज्यांना फितीवर गाणी घालावयाची होती त्यांची ही अडचण होती. आमच्यासाठी तेच वरदान ठरले.

त्या फितीत मंगलाष्टके ऐकू येतात, आणि कोणी तरी सूर चुकल्याबरोबर मागे हसलेलेही ऐकू येते. जाजम दिसते त्या पाच मिनिटांत दोन वृद्ध माणसे दखनीत तांदळाच्या भावावरून वाद घालीत आहेत. पंगतीत आजी गाते. ती परभणीकडच्या खेड्यातून निजामाच्या अमदानीत लग्न होऊन या शहरात आली, आणि १९९३ साली गेली. तिच्या गाण्यातील विहिणीची थट्टा, मध्येच आलेला 'हौ', आणि वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा सूर आम्ही विसरलो आहोत हे, तो ऐकेपर्यंत आमच्या ध्यानात नव्हते. गाणे संपल्यावर ती कॅमेऱ्याकडे वळते आणि आत्याला म्हणते, "काय ते धरून उभी राहायलीस? ठेव ते डबडं, अन् पानावर बस." फीत येथे थांबते, आत्याने तिचे ऐकले असावे. घरातल्या तीन पिढ्यांनी हे एकत्र पाहिले. काकांच्या मुलीने, जिने आजीला पाहिलेही नाही, ते वाक्य पुन्हा लावावयास सांगितले.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. घरातील फिती काढाल तेव्हा मोठ्या सजविलेल्या फितींआधी लहान, बिनसजविलेल्या, नाव न घातलेल्या फिती शोधाव्या. मूळ चित्र त्यांतच सापडण्याचा संभव. दुबई-मस्कतहून किंवा अमेरिकेहून आलेल्या नातलगांच्या फिती असतील, तर त्यांची पद्धत येथली की तेथली हे प्रथम विचारून घ्यावे. येथल्या यंत्रावर दिसत नाही म्हणून ती कोरी समजू नये. पाठीमागची वा कडेची लेखनरोधक चकती पाहून ती 'टिपू नये' या बाजूस करावी. पांढरी भुकटी दिसली, तर फीत कोणत्याही यंत्रात घालू नये आणि जाणत्या माणसाकडे सोपवावी. गोमंतकातील व कोकणपट्टीतील वाचकांस हे विशेष करून सांगावेसे वाटते, कारण तेथील चार महिन्यांचा ओलावा फितीवरील लेप चिकट करतो व बुरशीला पोसतो. हैदराबादच्या कपाटात जी फीत तरली, ती मडगावच्या किंवा मालवणच्या कपाटात तरली असती असे म्हणवत नाही. फिती उभ्या ठेवाव्या, लोहचुंबक व ध्वनिक्षेपक यांपासून दूर. संगणकात उतरविताना उत्तम प्रतीने उतरवावे, आणि चित्र 'सुधारून' देण्याचा मोह पडला तरी न सुधारलेली प्रत आधी जपावी. एकदा आपण सुधारणा करून मूळ पुसले आहे. तेच पुन्हा करण्यात अर्थ नाही.

वेळ फार उरलेला नाही. फितींचा लेप झिजत आहे, पण त्याहूनही आधी संपत आहेत ती यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५ नंतर चुंबकीय फिती वाचणे दुष्कर होईल. युनेस्कोनेही ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ साली हाच प्रश्न जगापुढे मांडला. ते इशारे मोठ्या संग्रहालयांना उद्देशून होते. परंतु विद्यानगरच्या, दादरच्या, पणजीच्या कपाटांतील फितींना संग्रहपाल कोणी नाही. त्यांचे संग्रहपाल आपणच आहोत. भाषेचा इतिहास ज्यांस लिहावयाचा आहे त्यांस पुस्तके मिळतील. एखाद्या शहरातील मराठी बायका पंगतीत कशा बोलत, हे मात्र त्यांस या फितींखेरीज क्वचितच कोठे सापडेल.

आमच्या सव्वीस मोठ्या फितींपैकी एकोणीस आतापर्यंत उतरवून झाल्या आहेत. एकसष्टीची फीत एका कारागिराने सरळ करून दिली. भाषणाचा शेवटचा दीड मिनिटाचा भाग त्यातून हाती लागला, ज्यात आजोबा फक्त आभार मानतात. घर आता नाही. लहान फीत उतरवून झाल्यावरही आम्ही टाकलेली नाही. उद्या अधिक चांगले यंत्र मिळाले तर ती पुन्हा वाचावी लागेल. ती त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. सुया-दोरे तेवढे बाहेर काढले, कारण सुयांत लोहचुंबकत्व राहू शकते, आणि आजीने हा धोका चौतीस वर्षे नकळत पत्करला होता.